खारं तळं, गोडी धार

लोणारवर, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या, उल्का आदळून झालेल्या विवरातल्या खाऱ्या तळ्यावर, गेल्या अंकात दोन पानांचा मजकूर आला आणि पत्रांचा एक गठ्ठा संपादकांनी माझ्याकडे पाठवून दिला. मी लोणारचाच. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त. घरच्यांचं म्हणणं असं, की ह्यांना तळ्याचं कुणी विचारलं की चहा थंड होतो. सगळ्याच पत्रांना उत्तर देता येणार नाही, काही निवडली आहेत.

गुरुजी, लोणार हे 'जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं' उल्का-विवर असं एका ठिकाणी वाचलं, तर मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात 'जगात एकमेव' असं होतं. नक्की काय? (एक वाचक, सांगली)

दोन्ही नाही. तिसरं म्हणावं तर दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडेफोर्टपुढे आमचं विवर म्हणजे परातीशेजारची वाटी. भारतातसुद्धा मध्य प्रदेशात शिवपुरीकडे ढाला आहे, ते आमच्याहून कितीतरी मोठं. राजस्थानात बारां जिल्ह्यात रामगढ आहे. हां, अमेरिकेतलं ॲरिझोनाचं प्रसिद्ध विवर सव्वा किलोमीटरच्या आतलं आणि लोणारचा व्यास १.८ किलोमीटर, एवढं आम्ही छाती काढून सांगू शकतो.

'एकमेव' हा शब्दही जरा आवरून वापरा. बसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पडलेली विवरं ब्राझीलमध्येही आहेत. पण ती फार जुनी आणि झिजून गेलेली. काळ्या पाषाणातलं इतकं ताजं, काठ अजून उभे असलेलं विवर पाहायचं तर लोणारलाच यावं लागतं. चंद्रावर आणि मंगळावर बसाल्ट भरपूर, त्यामुळे तिकडच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार हा घरबसल्या मिळालेला नमुना वाटतो. एवढं खरं असताना खोट्या क्रमांकाची गरज आम्हाला का पडते, हे मला कधी कळलं नाही.

मी आठवीत आहे. उल्का पडली तर तिचा दगड कुठे गेला? आणि तो ज्वालामुखी नव्हता हे कसं कळलं? (एक विद्यार्थी, अकोला)

बाळा, तुझ्या वयाचा असताना मला शाळेत 'ज्वालामुखी' असंच शिकवलं होतं. मास्तरांची चूक नव्हती. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तळ्याची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ हेच म्हणत होते. सगळा दख्खन लाव्हाने बनलेला, मग हा खड्डाही त्यातलाच. 1896 मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोणारचं ॲरिझोनाच्या विवराशी साम्य आहे असं म्हटलं, पण त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग 1972 च्या आसपास आमच्याकडे यंत्रं आली. तो दुष्काळाचा काळ. माणसं खडी फोडायला जात होती, पोरांना सुकडी मिळायची, घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. अशात तळ्याशी भोकं पाडणारं यंत्र लागलेलं बघून अख्ख्या गावाला वाटलं, सरकारनं पाण्यासाठी बोअर घेतलं! आमचे आबा काठावर बसून रोज विचारायचे, "लागलं का पाणी?" खाली एवढं मोठं तळं, आणि माणूस वर बसून पाणी लागलं का विचारतोय. पण तळ्याचं पाणी पिता येत नाही, म्हणून त्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता.

ते काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांचं होतं. त्यांना पाणी नको होतं, तळाचा दगड हवा होता. जवळपास शंभर मीटर गाळ आणि त्याखाली चुरडलेला, भरडलेला पाषाण. त्यात त्यांना मास्केलिनाइट सापडलं. पाषाणातल्या फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला, की ते न वितळताच काचेसारखं होऊन जातं, तेच हे. ज्वालामुखी दगड वितळवतो, पण असा धक्का देऊ शकत नाही. धक्का आकाशातून आलेल्या वस्तूचाच. 1973 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वाद बराचसा मिटला. गंमत म्हणजे मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतातल्याच एका दगडात, 1865 साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली आहे हे तर फारच उशिरा समजलं.

आता तुझा दगड. तो जवळजवळ सगळा आदळण्याच्या उष्णतेतच वितळला आणि वाफ होऊन गेला. काठाभोवती शास्त्रज्ञांना काचेचे बारीक मणी सापडतात, त्यात त्याचा अंश शोधतात. म्हणून कुणी तुला 'उल्केचा तुकडा' म्हणून काळा दगड विकायला आला तर घेऊ नकोस. आमच्या वावरात तसले दगड बैलगाडीने निघतात.

माझं माहेर मेहकरचं. लहानपणी घरी 'लोणारचा खार' यायचा, आई पापडाला वापरायची. तो आता दिसत नाही. बंद का झाला? माझ्याकडे जुन्या डब्यात एक खडा अजून आहे. (एक आजी, पुणे)

ताई, तुमच्या पत्राने मला दिवसभर कामाला लावलं. तो खडा जपून ठेवलात, त्यासाठी तुमचे आभार.

आधी तो खार होतो कसा ते सांगतो. तळ्यात पाणी चहूबाजूंनी येतं, बाहेर जायला वाट नाही. काठाच्या पाषाणातले क्षार विरघळून येतात, ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार तिथेच राहतात. हजारो वर्षं हेच. म्हणून पाणी नुसतं खारट नाही, तर सोड्याचं. त्याचा सामू (पीएच) दहाच्या घरात, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा. हात घातला तर बुळबुळीत लागतो. पूर्वी उन्हाळ्यात पाणी हटलं, की काठाच्या चिखलावर आणि पाण्याखाली थर धरायचा, तोच खार. आणि तो एका जातीचा नव्हे. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी ही नावं जुन्या गॅझेटियरमध्ये छापलेली आहेत आणि त्यातली दोन-तीन मी आजीच्या तोंडून ऐकली आहेत. निमक दल्ल्यात मिठाचा भाग जास्त, बाकीच्यांत सोडा. भुसकी म्हणजे नावाप्रमाणेच भुसभुशीत. बाजारातल्या माणसाला नुसत्या बोटाच्या चिमटीवरून जात कळायची म्हणतात.

हा धंदा किती जुना? अकबराच्या काळात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारचा उल्लेख केलाय. इथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगली आवक होते. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी मुघल दरबाराला आमचं गाव ठाऊक होतं ते खड्ड्यामुळे नव्हे, खारामुळे. पुढे निजाम आला, 1853 नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्यांच्या अमलातही खाराचं उत्पन्न मोजलं गेलं. आमच्या गावाचं नावच लवणावरून आलेलं. मीठ म्हणजे लोण, म्हणून लोणार.

मग बंद का झाला? कारखान्यात सोडा स्वस्तात बनू लागला, तेव्हाच चिखलात उतरून खार काढण्याचा हिशेब जुळेना. आणि आता तर तळं अभयारण्यात आहे, तिथून काडीसुद्धा उचलायला परवानगी नाही. ते योग्यच आहे. पण एक गोष्ट मला बोचते. दोन पिढ्यांत गावातून ती नावं गेली. मी वर्गात 'खुप्पल' म्हणालो की पोट्टे हसायचे. 2006 साली तळं फार आटलं, चिखलावर पांढरे चकाकणारे खडे दिसू लागले, तेव्हा लोक मोबाइलवर फोटो काढत होते आणि त्या खड्याला काय म्हणतात हे सांगणारं काठावर कुणी नव्हतं. मीही नव्हतो. मला नावं माहीत होती, पण कोणतं नाव कुठल्या खड्याचं, ते नव्हतं.

तर ताई, तुमचा खडा पापडीचा की दल्ल्याचा, ते पाहून नक्की सांगता येईल असा माणूस मी शोधतोय. तोवर त्याचे पापड करू नका.

विवराचं वय एका ठिकाणी 52 हजार वर्षं लिहिलंय, दुसरीकडे साडेपाच लाख. इतका फरक? (एक वाचक, नाशिक)

मोजण्याच्या रीती वेगळ्या. काचेत साठलेल्या ऊर्जेवरून मोजलं तर पन्नास हजारांच्या आसपास येतं, आणि वितळलेल्या दगडातल्या आरगॉन वायूवरून मोजलं तर साडेपाच-पावणेसहा लाख. अलीकडचे बरेच संशोधक दुसऱ्या आकड्याच्या बाजूचे आहेत. ज्या पाषाणात विवर पडलंय तो मात्र साडेसहा कोटी वर्षांचा, याबद्दल भांडण नाही. वाटाड्याने 52 हजार सांगितलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, आमच्याच पिढीने त्याला ते शिकवलंय.

लवणासुराच्या गोष्टीत काही तथ्य आहे का? आणि दैत्यसूदन मंदिर पाहण्यासारखं आहे का, की नुसतं तळं पाहून निघावं? (एक वाचक, ठाणे)

गोष्ट अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राहायचा. विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेऊन आले. दैत्याच्या दोन बहिणी भुलल्या आणि त्यांनी भावाची जागा सांगून टाकली. विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त, खार हे त्याचं मांस. झाकण उडून पडलं ते धाकेफळच्या टेकडीपाशी, असं लोक दाखवतात.

तथ्य विचारता, तर भूगोलाच्या मास्तराला यातली एकच गोष्ट आवडते. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी ओळखलं होतं, की इथून काहीतरी जोरात *उडालं* आहे. ज्वालामुखीवाल्या साहेबांपेक्षा ते जरा जवळ पोचले होते, असं मी वर्गात म्हणायचो. विज्ञानाचे सर रागवायचे.

मंदिर गावात आहे, तळ्यावर नाही. म्हणूनच बहुतेक गाड्या ते न बघता जातात. यादवांच्या आणि त्याआधीच्या काळातल्या कारागिरीचा इतका भरगच्च नमुना आमच्या जिल्ह्यात क्वचित. मांडणी ताऱ्यासारखी कोनाकोनांची, भिंतीवर मूर्तींच्या रांगा, आत मान वर करून छत बघा. विष्णूच्या पायाखाली लवणासुर आहे. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्याचे किरण थेट मूर्तीपर्यंत पोचतात, तेव्हा गर्दी असते. पण मेमध्ये आमच्याकडे ऊन असं असतं की देवालाच सावलीत बसावंसं वाटेल. वेळ असेल तर झोपलेल्या मारुतीलाही जा. तिथे होकायंत्राची सुई हलते आणि लोक लगेच 'उल्केचा दगड' म्हणतात. सुई आमच्या बऱ्याच काळ्या दगडांजवळ हलते, त्यांत लोहचुंबकी खनिज असतंच. मी हे दरवर्षी वर्गाला करून दाखवायचो, आणि तरी निम्मी पोरं घरी जाऊन उल्काच सांगायची.

2020 मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. पुन्हा होईल का? (एक वाचक, सोलापूर)

त्या जूनमध्ये टाळेबंदी होती. पाहायला गाववालेच होतो. सकाळी काठावर गेलो तर हिरवं तळं गुलाबी! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. उन्हाने पाणी आटून खारेपणा वाढला, की खारात वाढणारे अतिसूक्ष्म जीव माजतात, त्यांच्या अंगच्या रंगाने पाणी गुलाबी दिसतं. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग गेला. पुन्हा तसा उन्हाळा आला तर पुन्हा होऊ शकतं. एरवीचा हिरवा रंग शेवाळाचा. त्याच वर्षी तळ्याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली, महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतर दुसरी. पण गावात आजही कुणाला विचाराल तर सन 2020 म्हणजे 'गुलाबी झालं ते साल'.

मी लोणारची लेक, नागपूरला दिली. माझ्या सासरचे म्हणतात, तुमच्याकडे तर सगळं खारं पाणी, तुम्ही जगता कशावर? त्यांना काय सांगू? (एक माहेरवाशीण)

बाई, त्यांना धारेवर घेऊन ये. दुसरं उत्तर नाही.

तळ्याच्या ईशान्य काठाला गाव, आणि गावालगतच काठाला एक घळ आहे. तिथे गोमुखातून बारा महिने पाणी पडतं. आम्ही तिला नुसतं 'धार' म्हणतो. तोंडात घे, गोड. ऐन उन्हाळ्यात गार. 1972 ला ती बारीक झाली होती, थांबली नव्हती, असं आई सांगायची. भाविकांच्या मते ती काशीहून येते. भूगोलाच्या मते पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या थरांमधून मुरत येतं आणि काठ तुटला तिथे बाहेर पडतं. मी दोन्ही ऐकून घेतो, कारण आंघोळ दोन्हींनी होते. याशिवाय रामगया आहे, सीतान्हाणी आहे. म्हणजे खाऱ्या तळ्याच्या गळ्यात गोड्या झऱ्यांची माळ आहे आणि गाव त्या माळेला धरून वसलंय. तळ्याला धरून नाही. वाडे, मंदिरं, बारव, जुनी वस्ती सगळं बघ, गोड्या पाण्याच्या वाटेनेच गेलंय.

त्या धारेच्या पाण्याने घळीतून माती वाहून नेली आणि तळ्याच्या काठी पंख्यासारखी सुपीक जागा तयार केली. तिथे एके काळी शेती व्हायची. केळी, मका, भेंडी. खाऱ्या तळ्यापासून चार पावलांवर केळीची बाग, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता ती शेती बंद झाली.

आणि सासूबाईंना सासू-सुनेची विहीर अवश्य दाखव! खाली कमळजादेवीच्या देवळाजवळ. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं. एका अंगाने झरा, दुसऱ्या अंगाने तळं, म्हणून तसं होतं. तळ्याचं पाणी चढलं की विहीर बुडते, मग वर्षानुवर्षं दिसत नाही. सासू कोण आणि सून कोण यावर गावात दोन पक्ष आहेत. तू माहेरचा पक्ष घे.

एक मात्र त्यांना सांगू नकोस, मीच इथे सांगून टाकतो. गोडं पाणी तळ्यात जास्त गेलं तर तळ्याचं नुकसान होतं, आणि आमच्या गावचं सांडपाणी कित्येक वर्षं त्याच उताराने गेलं. खारेपणा कमी झाला की त्यात जगणारं शेवाळ आणि ते सूक्ष्म जीव मागे पडतात. यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात खटला चालला, वेडी बाभूळ काढायचे, सांडपाणी अडवायचे आदेश निघाले. त्यासाठी कोर्टात जावं लागलं, याची मला लोणारकर म्हणून लाज वाटते. आमच्याच मोऱ्या होत्या त्या. माझ्या घराचीसुद्धा.

मुंबईहून इतक्या लांब आलो, काठावरून पाहिलं, खाली वास येत होता म्हणून तासाभरात परत निघालो. लोणारचा उगाच गवगवा आहे असं माझं मत झालं. (एक वाचक, डोंबिवली)

दादा, वास येतोच. तळाच्या चिखलात कुजलेल्या शेवाळाचा तो, सडक्या अंड्यासारखा. आम्हाला तो कळत नाही, पाहुणे नाक दाबतात तेव्हा आठवतं.

पण तुम्ही आलात किती वाजता? तुमच्या पत्रावरून दुपार वाटते. दुपारी काठावर उभं राहिलं तर खड्डाच दिसणार. पुढच्या वेळी समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरा, तिथून लोणार पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेने यायचं तर जालन्याला उतरून जवळजवळ नव्वद किलोमीटर गाडी. रात्री मुक्काम करा. सकाळी उजाडता उजाडता वनखात्याच्या परवानगीने, बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन खाली उतरा. उतार सव्वाशे मीटरच्या वर आहे आणि चढताना तो दुप्पट वाटतो. आधी सागाचं रान लागेल, मग बाभळी, मग चिखलाचा पट्टा. मोर इतके, की त्यांच्या ओरडण्याने बोलणं ऐकू येत नाही. काठाला शेकाटे लाल तंगड्यांवर फिरत असतात, हिवाळा असेल तर चक्रवाकही. कमळजेच्या देवळात थोडं बसा. माणसाचा आवाज नाही, गाडीचा नाही, वर गोल आभाळ.

मग वर या, धारेवर थांबा, गावात कुठल्याही खानावळीत पाटवड्यांची भाजी आणि भाकरी सांगा. तिखट सोसत नसेल तर आधीच बोला. जेवून दैत्यसूदनला जा, तोवर ऊन कललेलं असेल.

आणि तळ्यात पाय बुडवू नका. बुडवलेच तर तसेच गाडीत बसू नका, आधी धारेवर या. खार वाळला की पाय चरचरतात आणि गाडीच्या पायपुसण्यावर पांढरे डाग पडतात, ते धुऊन जात नाहीत. हा अनुभव आमच्या जावयाचा आहे.